तीन दिवस माळावर

वेड्या बाभळीच्या शेंगा पिवळ्या पडल्या की मला कोणीतरी येणार आहे असं वाटू लागतं. सात वर्षं कोणी आलेलं नव्हतं, पण शेंगांना ते कोणी सांगितलं नव्हतं. होळीच्या आसपास त्या हिरव्याच्या पिवळ्या होतात, वाळून वाकतात आणि माझ्या बांधावरच्या तीन झाडांखाली त्यांचा सडा पडतो. मी ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतो. निवृत्त मास्तराने रस्त्याकडे बघत बसणं गावाला विचित्र वाटत नाही. निवृत्तीचा मला झालेला हा एकमेव फायदा.

ही झाडं बांधावर ठेवू नयेत, हे मला कळतं. आयुष्यभर भालकीजवळच्या या गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं आहे. हे झाड परमुलखातून आलेलं. आपल्याखाली गवताची काडी उगवू देत नाही, वरून तोडलं तर एका खोडाचे पाच फुटवे काढतं, आणि याचा काटा चप्पल, टायर आणि माणूस यांत फरक करत नाही. मुलांना हे सगळं मी फळ्यावर लिहून दिलं होतं. तरी माझ्या बांधावरची तीन झाडं तशीच राहिली. घरात कॅलेंडर आहे, पण बिराप्पाच्या येण्याचा दिवस त्यावर छापलेला नसतो. तो या शेंगांवर असायचा.

बिराप्पा धनगर. निंबर्ग्याचा, म्हणजे आळंद तालुक्यातला. दरवर्षी ज्वारीची काढणी झाली की दीडशे-दोनशे मेंढरं, एक घोडं, दोन कुत्री आणि बायको लक्ष्मव्वा एवढा संसार घेऊन तो चालत आमच्याकडे यायचा. मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळं, चौकोनी लावून त्यात मेंढरं बसवायची, दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायची. असं चौकोन चौकोन करत अख्खं शेत खताचं करायचं. बदल्यात ज्वारी आणि एका वेळची भाकरी. त्या लेंडीखतावर आमची काळी जमीन दोन वर्षं खूश असायची.

माझं शेत घराला लागूनच. चार एकर. म्हणजे माझ्या शेतात मेंढरं बसली की ती जवळजवळ माझ्या घरातच बसायची. शेकडो जीव एकदम श्वास घेतात तेव्हा एक ऊबदार, ओलसर आवाज येतो. तो आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. अंगाला घोंगडीचा वास यायचा आणि तो धुऊन जात नसे. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. त्यामुळे माझ्या घरात वर्षातून आठ-दहा दिवसच दुसऱ्याचा श्वास ऐकू यायचा, आणि तोही मेंढरांचा. पण श्वास तो श्वासच.

तसा गावात मला मान आहे. लोक फॉर्म भरून घ्यायला येतात, ‘सर’ म्हणतात, चहा नको म्हणतात आणि जातात. माझ्या कपाटातल्या पुस्तकांकडे ते देवघराकडे बघतात तसं बघतात, हात न लावता. बिराप्पाला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक हातात घेऊन तो वजन करायचा. ‘मास्तर, हे सगळं डोक्यात हाय तुमच्या?’ ‘बरंचसं.’ ‘तरीच मान खाली घालून चालायलाव.’ एवढ्या स्पष्टपणे माझ्याशी दुसरं कोणी बोलत नसे. मी त्याला नक्षत्रांची इंग्रजी नावं सांगायचो, तो मला मेंढराचा दात बघून वय सांगायला शिकवायचा. त्याची मुलगी करजगीला दिली होती. तिच्या सासूच्या तक्रारी मला इतक्या पाठ होत्या की ती बाई रस्त्यात भेटली असती तर मी भांडलो असतो.

आता ही बाभूळ आमच्याकडे आली कशी, ते सांगायला हवं. मी तिथे हजर होतो.

गावाच्या वर लाल मातीचा माळ आहे, ते आमचं गायरान. माझ्या लहानपणी त्यावर गुडघाभर पवन्या आणि मारवेल गवत असायचं, आणि मधोमध शेंदूर-भंडाऱ्याचा एक धोंडा, धनगरांचा बिरोबा. मी चौथीत असताना तो माळ हिरवा करायचं ठरलं. तो हिरवाच होता, पण गवताला हिरवं धरायची पद्धत नव्हती. मांडव घातला, बँड आणला, आम्हा मुलांना स्वागतगीतासाठी उन्हात उभं केलं. पाहुण्यांनी तासभर भाषण केलं. रोपंही आमच्यासारखीच डब्यांत उन्हात उभी होती. शेवटी पाहुण्यांनी एक रोप स्वतः लावलं, फोटो निघाला. ते रोप मेलं. बाकीची सगळी जगली.

कानडीत तिला बळ्ळारी जाली म्हणतात. बळ्ळारीचे लोक तिला काय म्हणतात मला माहीत नाही, बहुधा भालकीची बाभूळ. असल्या गोष्टींचं मूळ गाव नेहमी दुसऱ्याचं असतं. दहा-पंधरा वर्षांत माळावरचं गवत गेलं, त्यानंतर तितर गेले, आणि धोंड्यापर्यंत जायला कोयता लागायला लागला. समारंभाचा फलक मात्र बरीच वर्षं शाबूत होता. त्यावर ऊन पडलं की लांबूनही दिसायचा.

तर आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. पाऊस दोन वर्षं धड झाला नव्हता. ऊस विहिरीच्या काठाकाठाने वाळत गेला होता. बिराप्पा त्या वर्षी लवकर आला, कारण त्याच्याकडे आळंदला तर मातीच उरली होती. मेंढरांच्या बरगड्या हाताने चाचपाव्या लागत नव्हत्या, दिसत होत्या. सगळ्या शिवारात हिरवी आणि ताजी अशी एकच गोष्ट होती, वेडी बाभूळ. शेंगांनी लगडलेली.

मी शेतीच्या एका मासिकात वाचलं होतं की या शेंगा गोड असतात, त्यांत प्रथिनं असतात, टंचाईत जनावरांना चालतात. मी ते पान बिराप्पाला दाखवलं. त्याने चित्रातली शेंग आणि झाडावरची शेंग ताडून पाहिली.

‘छापलंय म्हंजे खरंच असल,’ तो म्हणाला. ‘आमी बी खाऊ घालताव कधीमधी. पण पोटभर न्हाई.’

‘पोटभर घाल. मरण्यापेक्षा बरं.’

मेंढरं माळावर सुटली. आठ दिवसांत त्यांच्या अंगावर तेज आलं. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. तो लेख पुढच्या पानावर चालू होता, ते पान मी उलटलं नव्हतं. चित्र या पानावर होतं.

वैशाख संपत आला. दुपारी ढग यायला लागले. बिराप्पाची मेंढरं खाली शेतात बसायची वेळ झाली. क्रम ठरलेला असायचा. आधी काशिनाथ अण्णांचं रान, मग माझं. काशिनाथ अण्णा म्हणजे माझे शेजारी, वयाने माझ्याहून चार वर्षं मोठे, बाजारात आडत, घरात लिंगपूजा, तोंडात मराठी आणि कानडी सारखीच, आणि दोन्हींत आवाज सारखाच मोठा. त्यांचं रान आधी, कारण ते आधीपासून आधी होतं.

त्या दिवशी मी माळावर गेलो तर बिराप्पा धोंड्यापुढे भंडारा उधळत होता.

‘आज उतरायचं ना खाली?’ मी विचारलं.

‘आजपासून तीन दिस देवाचे, मास्तर. शेंगा बंद. मेंढरं हितंच ठेवायलाव, वाळला पाला घालून. चौथ्या दिशी उतरू.’

‘तीन दिवस कशाला?’

‘बिरोबाचं हाय. शेंगा खाल्ल्या का तीन दिस त्याच्यापाशी ऱ्हायाचं. आमचा बा करायचा, त्याचा बा करायचा.’

‘पण कामून?’

‘आता कामून काय? देवाला कामून म्हणून कोन इचारतंय?’

इथे मला हसू आलं. आयुष्यभर वर्गात ‘का’ हा शब्द खडूने लिहून त्याच्याभोवती गोल काढणारा माणूस मी. अंगारे-धुपारे, टाळ्या-तुताऱ्या यांची मला पहिल्यापासून चीड. बिरोबाचे तीन दिवस आणि पाहुण्यांचं तासभर भाषण मी एकाच कप्प्यात टाकलं. शिवाय हिशेब सरळ होता. तीन दिवस माळावर गेले तर अण्णांचं रान होईल, आणि माझी पाळी यायच्या आत पाऊस पडेल. ओल्या काळ्या रानात मेंढरं बसत नाहीत, रुततात. म्हणजे त्या वर्षी माझ्या घरापाशी श्वासच ऐकू येणार नव्हता. हे कारण मी त्याला सांगितलं नाही. मी विज्ञान सांगितलं.

‘अरे, ढग बघ. बिरोबाला काय, त्याला पेरणी करायची नाही. उतर खाली.’

लक्ष्मव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘देवाचं मोडू नगा. शिकलेल्याला काय, त्याला मेंढरं न्हाईत.’

बिराप्पा बराच वेळ माझ्याकडे आणि ढगांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने वाघर खांद्यावर घेतली. ‘मास्तर म्हणायलेत,’ तो तिला म्हणाला. एवढंच.

मेंढरं तीन दिवस अण्णांच्या रानात बसली. अण्णांनी तुरीचा भुसा आणि उसाचं वाढं मोकळ्या हाताने घातलं. मग दोन दिवस ती माझ्याकडे बसली. बिराप्पा ओसरीवर येऊन मेंढीच्या खारट दुधाचा चहा प्यायला. सहाव्या दिवशी पाऊस आला आणि बिराप्पा निंबर्ग्याच्या वाटेला लागला. मला वाटलं, जमलं.

आषाढात अण्णांनी मला हाक मारली. ‘ओ मास्तर, हिकडं या जरा. हे काय उगवलंय बघा.’

सोयाबीनच्या तासांमधून बारीक पिसांसारखी पानं डोकं काढत होती. मी ओळखलं. अण्णांनीही ओळखलं होतं, त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ती रोपं रानभर नव्हती. ती चौकोनांत होती. जिथे जिथे वाघर लागली होती, तेवढा चौकोन जमिनीने पाठ केला होता. पहिल्या दिवसाचा चौकोन गच्च. दुसऱ्या दिवसाचाही गच्च. तिसऱ्यात विरळ. मग बांध, आणि बांधापलीकडे माझं शेत. तिथे मी वाकून वाकून शोधलं. एकही नव्हतं.

तेव्हा तिथे उभ्या उभ्या मला समजलं की शेंगेतलं बी मेंढराच्या पोटात जिरत नाही. ते पोटातून नरम होऊन, खतासकट, रुजायला तयार होऊन बाहेर पडतं. आणि पोट रिकामं व्हायला तीन दिवस लागतात. बिराप्पाच्या बापाच्या बापाने हे कधीतरी, आमच्याकडे बाभूळ यायच्या आधी दुसऱ्या मुलखात, चौकोनातच वाचलं असणार. त्याने ते देवाच्या नावावर ठेवलं, म्हणजे कोणी शहाणा मधे बोलणार नाही. पण शहाणा बोलला.

घरी येऊन मी मासिकाचं पुढचं पान उलटलं. तिथे सगळं होतं. शेंगा दळून द्याव्यात, असंही होतं.

अण्णांनी ती रोपं कुळवली. कुळव लागला की ती वरून तुटली आणि खालून दुप्पट फुटली. पुढच्या हिवाळ्यात अण्णांच्या टाचेत काटा मोडला. टाच सुजली, चिघळली, बिदरला नेऊन कापून काटा काढावा लागला. अण्णा अजूनही डाव्या पायाने थोडं थांबून चालतात. माझ्या शेतात त्या वर्षी तूर चांगली आली. लोक म्हणाले, मास्तरांचं नशीब.

देवळापुढे बैठक बसली. सगळे बोलले. बिराप्पाने रान नासवलं, मुद्दाम नासवलं, धनगराला काय, आज हितं उद्या तिथं. एकाने तर त्याने पैसे घेऊन बी टाकलं असाही तर्क लढवला. कोणाकडून घेऊन, ते मात्र त्याला सांगता येईना. मी खाली बघत होतो. मला वाटलं, कोणीतरी मला विचारील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत अजून घालतो. पण मास्तरांना अशा भानगडीत कोण विचारतं? मला फक्त शेवटी विचारलं.

‘मास्तर, बंदीचा फलक लिवायचाय. अक्षर तुमचं चांगलं हाय.’

पत्र्यावर निळ्या रंगाने मी तो लिहिला, मराठीत आणि खाली कानडीत. गावच्या शिवारात मेंढरं आणण्यास सक्त मनाई आहे. ‘सक्त’ची वेलांटी नसते म्हणून बरं, नाहीतर तीही मी छान काढली असती.

शेंगा पिवळ्या झाल्या होत्या. फलक पुलावर लागला आणि दुसऱ्याच दिवशी बिराप्पा आला. ओढ्याच्या पुलावरच त्याला पोरांनी अडवलं, मग मोठी माणसं जमली. मीही गेलो. त्याने मला गर्दीत शोधलं आणि त्याचा चेहरा सैल झाला, आपला माणूस दिसल्यावर होतो तसा.

‘मास्तर, ह्या पत्र्यावर काय लिवलंय? वाचून दावा की.’

मी वाचून दाखवलं. वर्गात धडा वाचतात तसं, स्पष्ट. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे, आणि पुन्हा तोंडाकडे. मेंढरं पुलावर दाटीने उभी होती आणि सगळीकडून तो वास येत होता.

‘मंग काय करू?’ त्याने विचारलं. मलाच विचारलं.

‘बघू,’ मी म्हणालो. ‘बघू पुढच्या वर्षी.’

त्याने घोड्याचं तोंड वळवलं. लक्ष्मव्वाने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं म्हणणं तिने आधीच सांगून टाकलं होतं.

त्यानंतर सात वर्षं. या काळात पाऊस बदलला. आमच्याकडे तो आता नोकरीला असल्यासारखा येत नाही, तपासणीला आल्यासारखा येतो. दोन दिवसांत सगळं उलथंपालथं करतो आणि महिनाभर तोंड दाखवत नाही. गोणीतल्या खतावरची जमीन त्या महिन्यात फरशीसारखी तडकते. लेंडीखताचं रान तग धरायचं, हे सगळ्यांना आठवतं, पण ते कोणी मोठ्याने बोलत नाही, कारण लगेच पत्र्याकडे बघावं लागतं. बाभूळ माळावरून ओढ्यात उतरली, ओढ्यातून पाणंदीत आली. मी संध्याकाळी रेडिओ लावतो, एका माणसाची भाकरी करतो. एक भाकरी चांगली होत नाही, तवा तापेपर्यंत काम संपलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात भालकीला एक कार्यशाळा झाली. विषय होता बदलतं हवामान, आक्रमक वनस्पती आणि प्रादेशिक लवचिकता. गावातून दोन जाणते पाठवा म्हणून निरोप आला, तसे अण्णा आणि मी गेलो. गळ्यात नावाची पट्टी अडकवली. लवचिकता या शब्दाचा फलक इतका ताणून बांधला होता की मधे फाटला होता. दीपप्रज्वलन झालं, पंख्याने दिवा विझला, पुन्हा प्रज्वलन झालं. मी नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसून मनात शेरे लिहीत होतो.

मग एक तरुण बाई बोलायला उभ्या राहिल्या. नीट बोलल्या, कमी बोलल्या. वेडी बाभूळ मातीखाली वीतभर खणून तोडावी, वरून तोडू नये. शेंगा दळून वापराव्यात. आणि जनावरांनी शेंगा खाल्ल्या असतील तर स्वच्छ रानात नेण्याआधी त्यांना निदान तीन दिवस एका ठिकाणी रोखून धरावं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आकडा होता, तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मराठवाड्याकडून आलेल्या एका पाहुण्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला.

माझ्या शेजारी अण्णा होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, टाच चोळत होते.

कोणाला काही विचारायचंय का, असं आलं तेव्हा मी उभा राहिलो. माईक हातात आला. मी सांगितलं, आमच्याकडे हे तीन दिवस पूर्वीपासून होते. एक धनगर पाळत होता. मी ते मोडायला लावले, कारण माझं शेत राहून गेलं असतं. मग त्याला गावबंदी झाली आणि तो फलकही मीच लिहिला.

माईक माझ्या हातातून परत गेला. मग सूत्रसंचालक पुढे आले आणि म्हणाले, लोकसहभागाचं हे किती सुंदर उदाहरण आहे. टाळ्या पडल्या. मला पुष्पगुच्छ दिला. त्यात गुलाबांच्या मधे भरीला पांढरी बारीक फुलं होती. मी वाकून पाहिलं, गाजर गवत. आक्रमक वनस्पतींच्या यादीतलं दुसरं नाव. मी त्यांचे आभार मानले.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. पहिले तीन थांबे ते काही बोलले नाहीत. अण्णा तीन थांबे गप्प बसले, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

‘मास्तर,’ शेवटी ते म्हणाले, ‘तवाच कामून बोलला न्हाईत?’

‘भ्यालो.’

‘कुणाला?’

‘तुम्हाला.’

‘मला?’ अण्णा माझ्याकडे वळले. ‘आवं, माझी म्हैस बी मला भीत न्हाई.’

मग पुन्हा दोन थांबे गेले. गुच्छ माझ्या मांडीवर होता. अण्णांनी तो उचलला, खिडकीतून फेकायला हात बाहेर काढला आणि परत आत घेतला. ‘हितं टाकला तर हितं बी उगवल,’ ते म्हणाले. ‘घरी नेऊन जाळू. आन् तो पत्रा काढा. लिवताना तुमी हुताव, काढताना बी तुमीच.’

पत्रा मी दुसऱ्या दिवशी काढला. पुलावर कोणी नव्हतं, फक्त एक बकरी होती. त्यानंतर गावाने माळ मोकळा करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तीस माणसं, एक फलक आणि तीन फोन. दुसऱ्या दिवशी सहा माणसं. चौथ्या दिवसापासून अण्णा आणि मी. एक लंगडा आणि एक वाचलेला, अण्णा म्हणाले. सकाळी दोन तास. मातीखाली वीतभर खणायचं, मूळ उघडं करायचं, तिथे तोडायचं. दिवसाला चार खोडं झाली तर खूप. पौष संपेपर्यंत आम्ही धोंड्याच्या भोवती एवढी जागा केली, की त्यात दोनशे मेंढरं तीन दिवस राहू शकतील. बाकी माळ तसाच आहे, आमच्या हयातीत तो व्हायचा नाही. मोकळ्या जागेत कुंपणाच्या कडेने जपून राहिलेलं मारवेलचं बी आणून टाकलं. पाऊस काय करील ते त्याच्यावर.

मग फोन. नंबर जुन्या डायरीत होता. लक्ष्मव्वाने उचलला.

‘कोन?’

‘मास्तर बोलतोय.’

पलीकडे तिच्या मागे मेंढरं ओरडत होती, आणि मी खुर्चीत बसलो. म्हणजे अजून आहेत.

‘कामून फोन केलाव?’

‘मेंढरं आणा म्हणायला. फलक काढलाय.’

‘कुणी काढला?’

‘मीच.’

‘लिवला बी तुमीच हुताव.’

हे मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं.

‘तुमच्या बोटांना निळा रंग हुता,’ ती म्हणाली. बिराप्पाला ती अप्पा म्हणते. ‘अप्पानं पुलावरच बघितला. वाट चालताना मला म्हणाला, मास्तरानंच लिवलंय, आन् मास्तरानंच वाचलं.’ मग जरा थांबून, ‘सांगते त्याला. येईल का न्हाई मला ठाव न्हाई.’

सात वर्षं मी हेच धरून बसलो होतो की निदान त्याला ते माहीत नाही.

यंदा होळी झाली. शेंगा पिवळ्या पडल्या. मी खुर्ची टाकली. आठव्या दिवशी दुपारी पुलावर धूळ दिसली. मी उठलो नाही. मेंढरं निम्म्याहून कमी होती, साठ-सत्तर. घोडं दुसरं होतं. बिराप्पा वाकला होता आणि काठी आता मेंढरांसाठी नव्हती. तो गावात शिरला नाही, पाणंदीने सरळ माळावर गेला. धोंड्यापाशी थांबला. लांबून मला भंडाऱ्याचा पिवळा ढग दिसला.

तीन दिवस तो माळावर होता. मी रोज सकाळी किटलीतून चहा घेऊन जायचो. तो प्यायचा. करजगीची सासू वारली, म्हणाला. एक दात पडला, म्हणाला. मोकळी केलेली जागा चालून बघितली, खणलेल्या खोडाच्या खड्ड्यात काठी घालून खोली मोजली. ‘वीतभर हाय,’ म्हणाला. पत्र्याचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. जे बोलायचं ते मी माईकवर बोलून टाकलं होतं. ते तिथे किती सोपं होतं, हे मला त्याच्यापुढे किटली धरून उभं राहिल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी कसंबसं म्हणालो, ‘बिराप्पा, माझं चुकलं.’ त्याने कप पालथा केला. ‘मेंढराला तीन दिस पुरतात, मास्तर,’ तो म्हणाला. ‘तुमी लई पानं खाल्लीत.’ आणि हसला. पूर्वीसारखा नाही, पण हसला.

चौथ्या दिवशी तो उतरला. अण्णांच्या रानात वाघर लागली. अण्णा लंगडत, ओरडत, भुसा टाकत फिरत होते. तीन दिवस मेंढरं तिथे बसली. बांधाच्या अलीकडे मी माझं रान साफ करून ठेवलं होतं. काटकी उचलली होती, ढेकळं फोडली होती. पाहुणा येणार म्हटल्यावर खोली झाडावी तसं.

सातव्या दिवशी सकाळी बिराप्पाने वाघर गुंडाळली आणि घोड्यावर टाकली. मी बांधावर उभा होतो.

‘आता इकडे?’ मी विचारलं.

त्याने माझ्या रानाकडे बघितलं. चांगलं बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बांधावरच्या तीन झाडांकडे बघितलं, त्यांच्याखालच्या शेंगांच्या सड्याकडे. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

‘बघू, मास्तर,’ तो म्हणाला. ‘बघू पुढच्या वर्षी.’

मेंढरं पाणंदीने गेली. त्यांचा वास दुपारपर्यंत राहिला, मग वारा फिरला. त्या दिवशी मी रेडिओ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुदळ घेऊन बांधावर गेलो. शेंगा आधी गोळा करून पोत्यात भरल्या, एकही मागे ठेवली नाही. मग पहिल्या झाडाच्या बुंध्याशी खणायला बसलो. आता मला शेंगा बघून दिवस मोजायचे नव्हते. तारीख मिळाली होती. पुढचं वर्ष काही फार लांब नाही. मुळं मात्र चांगलीच खोल आहेत.